मंगपुढं आक्का

आक्कांना कुणी कितीही आनंदाची बातमी सांगितली, तरी त्यांच्या तोंडून पहिले शब्द यायचे ते, "मंग पुढं?" पोरगा पोलिसात लागला, मंग पुढं? नवा ट्रॅक्टर घेतला, मंग पुढं? बोरला झकास पाणी लागलं, मंग पुढं? सांगणारा पेढ्यांचा पुडा हातात धरून बघतच राहायचा. आक्का पेढा घ्यायच्या, तोंडात टाकायच्या आणि चघळत चघळत त्याच्या उत्तराची वाट बघायच्या. गावानं त्यांना मंगपुढं आक्का म्हणायला सुरुवात केली ती चिडून. पुढं चीड गेली आणि नाव तेवढं राहिलं. आक्कांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आमचं गाव ढोकीपासून अर्ध्या तासावर. ढोकीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि गावात तीन एकर रान. आक्कांचं रान माझ्या रानापासून चार-पाच बांध सोडून. त्यांचे मालक तरुणपणीच वारले होते, एकुलती मुलगी लोहाऱ्याला दिली होती, आणि शेती त्या एकट्या बघायच्या. रानात जाताना साडीवर मालकांचा लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल. आवाज असा, की ओढ्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचा माणूस हातातलं काम टाकून उभा राही.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती त्यांची मोटर जळाली तेव्हा. टेम्पोतून मोटर उतरवून घेतली आणि मला म्हणाल्या, "कशानं जळली रं?"

"व्होल्टेज कमी होतं, आक्का."

"ते कशानं?"

"लोड जास्त झाला डीपीवर." डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, वीस-बावीस मोटारींना मिळून एकच.

"कुणाचा?"

आता याला काय सांगणार. म्हटलं, "सगळ्यांचाच."

त्या स्टूल ओढून बसल्या. "सगळ्यांचा म्हंजी त्यात माझा बी आला की. म्या सकाळपासनं शेजारच्यांना शिव्या द्यायलेय." मग स्वतःशीच हसल्या आणि चहा मागवायला सांगितला. दुकानात मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण वीजवाल्यांना, सरकारला, शेजाऱ्याला आणि शेवटी मला शिव्या द्यायचा. आपलं नाव त्यात घालणारं गिऱ्हाईक मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

कांद्याचीही गंमत अशीच. एका वर्षी कांद्याला भाव आला आणि पारावर जो तो कांदा लावायच्या गोष्टी करू लागला. आक्का तिथून चालल्या होत्या. थांबून एकाला म्हणाल्या, "लाव की. मंग पुढं?"

"मंग काय, भाव हाय ना."

"आज हाय. तू लावणार, ह्यो लावणार, पलीकडचं गाव लावणार. समदा कांदा एकाच बाजारात, एकाच आठवड्यात जाणार. तवा कोण घेणार?"

त्यांना वेड्यात काढून लोकांनी कांदा लावला, आणि पुढं काय झालं ते मी सांगायला नको. दुसऱ्या वर्षी पोळलेल्या लोकांनी कांद्याचं नाव टाकलं, तेव्हा आक्कांनी लावला आणि चांगला पिकवला. गावाचे डोळे उघडले. पण ते भलत्याच बाजूला उघडले. तिसऱ्या वर्षापासून आक्का काय लावतात ते बघून गाव लावू लागलं. आक्कांनी हरभरा पेरला की शिवारभर हरभरा. त्यांचीच युक्ती त्यांच्या मुळावर आली. "माझं बघून पेरायलाव व्हय? आता बसा माझ्यासंगट," असं म्हणून त्या मनसोक्त हसल्या, आणि पुढच्या हंगामापासून बियाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणू लागल्या.

एकदा मीठ मिळेनासं होणार अशी आवई उठली. बायकांनी दुकानात गर्दी केली आणि घरोघरी पोतंपोतं मीठ येऊन पडलं. दुपारपर्यंत दुकानातलं मीठ खरंच संपलं. आवई उठवणारा छाती काढून हिंडू लागला, बघा, मी म्हणालो होतो ना. आक्का घरातच होत्या. माझ्या आईनं त्यांना विचारलं, तुम्ही नाही आणलं? तर म्हणाल्या, "गावात एवढं मीठ कवाच नव्हतं, बाई. लागलं तर तुझ्याकडनं नेईन." आणि पुढं महिनाभर त्यांनी ते आमच्याकडूनच नेलं.

एसटी स्टँडवर त्या कधी दाराशी झोंबल्या नाहीत. बाहेरची माणसं आत घुसायची, आतली उतरायला बघायची, खिडकीतून रुमाल आणि पिशव्या पडायच्या, आणि दारात सगळं घट्ट व्हायचं. आक्का लांब उभ्या राहून कंडक्टरला म्हणायच्या, "यांच्यात वाईट एक बी न्हाय बघा. एकेकाच्या घरी गेलं तर पाट देऊन जेवू घालतेत." हे त्यांचं आवडतं मत होतं. माणूस एकटा असला की शहाणा असतो, आणि शहाणी माणसं एका दारात आली की जे होतं ते त्यातल्या कुणालाच नको असतं. म्हणून भांडण सुरू झालं की त्या कधी 'कुणी केलं' असं विचारत नसत. त्या दार बघायच्या.

आता डीपीचं सांगतो, कारण आक्का म्हटलं की आमच्या बाजूला डीपीच आठवते.

शेतीची लाईट ठरल्या वेळेला येते. ती आली की मोटर चालू करायला रानात माणूस लागतो. म्हणून मी ऑटो स्विच विकायला आणले. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, मालक घरी झोपला तरी चालतं. पहिला स्विच ज्यानं घेतला त्याचं सुख बघून दुसऱ्यानं घेतला. वर्षभरात आमच्या डीपीवरच्या वीस-बावीस जणांकडं ऑटो झाले, माझ्याकडंही. झालं असं, की लाईट येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठायच्या. उठताना मोटर एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. डीपीचा फ्यूज फट्‌कन जायचा. मग कुणीतरी चिडून फ्यूजमध्ये जाड तार टाकायचा. तार टिकायची आणि डीपी जळायची. त्या हंगामात डीपी दोनदा जळाली. दुसऱ्यांदा ती बदलायला आलेला वीजवाला जाताना सांगून गेला, की आता जळाली तर सगळ्या यादीच्या शेवटी तुमचा नंबर. उन्हाळा तोंडावर, आणि रानात उसाची नवी लागण. पंधरा दिवस पाणी तुटलं असतं तर कोवळा ऊस जागेवर वाळला असता, एकट्या-दुकट्याचा नाही, सगळ्या डीपीचा.

देवळासमोर बैठक बसली. तासभर सगळ्यांनी सगळ्यांना दोष दिला. जाड तार कुणी टाकली यावरून दोघं उठून उभे राहिले. माझ्याकडंही बोटं वळली, ऑटो यानंच विकले म्हणून. आक्का म्हणाल्या, "त्यानं न्हाय आणलं तर लातूरहून आणलं असतं तुमी. त्याला बसू द्या. ऑटो काढा आन् लाईट आली की दहा मिनिटं थांबून मोटर लावा. एवढंच."

गावाच्या इतिहासात प्रथमच सगळ्यांनी एका बाईचं एकमतानं ऐकलं. ऑटो निघाले. दुसऱ्या दिवशी लाईट आली तेव्हा जो तो स्टार्टरपाशी उभा राहून मोबाईलवर वेळ बघू लागला. माणसं इतकी शिस्तीत उभी मी मतदानालाही बघितली नव्हती. दहा मिनिटं झाली आणि सगळ्यांनी मिळून बटण दाबलं. फ्यूज उडाल्याचा आवाज माझ्या रानापर्यंत आला.

लोक तणतणत आक्कांकडं गेले. मला वाटलं, आता बाई गडबडणार. त्या विहिरीच्या कठड्यावर बसून पोट धरून हसत होत्या. "चूक माझी हाय," म्हणाल्या. "म्या समद्यांना एकच अक्कल दिली. येगयेगळी द्यायला पायजे हुती."

दोन दिवस त्या बांधाबांधानं हिंडत राहिल्या. एकेकाच्या स्टार्टरपाशी उभं राहून तिथून काय दिसतं ते बघायच्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा बैठक घेतली आणि नवीन रीत सांगितली. घड्याळ बघायचंच नाही, शेजारी बघायचा. डीपीपासून ओढ्यापर्यंत रानं एकापुढं एक लागतात. वरच्या शेजाऱ्याचं पाणी हौदात पडलेलं दिसलं, की आपलं बटण दाबायचं. त्याचं पडेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्यात आधी आक्कांची मोटर, कारण त्यांचं रान डीपीला लागून, आणि दिवस उगवायच्या आधी त्या रानात असतातच.

एकानं विचारलं, "ऊस डोक्याएवढा झाल्यावर पाणी दिसायचं कसं?"

"पाइप हौदाच्या वर उचलून बांधा. दिसलं न्हाय तर ऐकू ईल."

सगळं ठीक होतं, अडचण एकच होती. आक्कांच्या खालचं रान बापूंचं. बापू म्हणजे आक्कांचे धाकटे दीर. मालक वारल्यावर वाटणीच्या वेळी एका बांधावरून दोघांचं बिनसलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं बंद, बांध ओलांडणं बंद. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर एक जण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. साखळीतली दुसरीच कडी अशी. बापू बैठकीत आक्कांपासून दोन हातांवर बसले होते, पण बोलले माझ्याशी. "त्येंना सांग, मी कुणाचं तोंड बघून मोटर लावत नसतोय."

आक्कांनीही माझ्याकडं बघूनच उत्तर दिलं. "बापूंना सांग, तोंड बघू नका. पाणी बघा. बोलायची बी गरज न्हाय."

लोक हसले. बापू हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. त्या बैठकीत कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण मला आक्कांची खरी हुशारी तिथं दिसली. इतर कुणी असता तर आधी दीर-भावजयीचा समेट घडवायला बसला असता, आणि तोवर ऊस वाळला असता. आक्कांनी रीतच अशी काढली, की माणसांनी आहेत तसं राहावं. त्यांनी एकमेकांवर प्रेम करावं, एकमेकांना माफ करावं, काहीच नको. फक्त मान वळवून शेजारी बघावं.

पहिल्या दिवशी आक्कांचं पाणी पडलं. सगळ्यांचे डोळे बापूंच्या हौदाकडं. बराच वेळ काही नाही. मग धार पडली, आणि मग तिसऱ्याची, चौथ्याची, माझी, आणि ओढ्याच्या टोकापर्यंत एकामागून एक हौद बोलत गेले. फ्यूज गेला नाही. उन्हाळाभर गेला नाही. लागण वाचली, आणि त्या वर्षी आमच्या डीपीवरचा ऊस साऱ्या शिवारात उठून दिसला.

या रीतीनं कुणाचं नुकसान झालं असेल तर माझं. मोटारी जळेनाशा झाल्या. मी तक्रार केली तर आक्का म्हणाल्या, "बायकांचे मिक्सर जळतेत का बघ. ते कुणी नंबरानं लावीत न्हाय." तेव्हापासून दुकानात मिक्सर आणि पंखे घ्यायला लागलो, आणि ते बरं चाललं आहे. ही गोष्ट मी त्यांच्यासमोर कधी कबूल केली नाही, कारण त्या लगेच 'मंग पुढं' म्हणाल्या असत्या.

लोकांना एक धास्ती मात्र होती, आणि ती आक्कांनाही होती. मला एकदा म्हणाल्या, "मी हाय तवर हे लोक ऐकतेत. माझ्यामागं एकानं जरी घाई केली की दुसरा करणार. दुसऱ्यानं केली की समदेच. मंग पुन्यांदा जाड तार. मी न्हाय म्हणून मोडलं तर म्या काय केलं मग?" एरवी सगळ्यांना पुढचं विचारणारी ही बाई, आता स्वतःचंच पुढचं मला विचारत होती. मी आपलं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्यानंतर काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लाईट आली आणि आक्कांचं पाणी पडलं नाही. बापू स्टार्टरपाशी उभे होते. त्यांना मोटर लावता आली असती. त्यांच्या खालच्या माणसानं हाक मारून विचारलंही, लावायची का? बापूंनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. थोडा वेळ वाट बघितली, आणि मग इतक्या वर्षांत न ओलांडलेला तो बांध ओलांडून ते आक्कांच्या रानात गेले.

आक्का मोटारीच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक हात मांडीवर पडलेला, तोंड वाकडं झालेलं. बापूंनी पुढं मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःचाच राग येत होता. एवढ्या वर्षांनी वैनीशी बोलायचं, तर तोंडातून निघालं काय, "वैनी, पाणी का न्हाय आलं?" आक्कांनी डोळे उघडले. शब्द नीट फुटत नव्हते, पण बापूंना ते कळले. "तुमी कशाला आलाव? खालची लोकं खोळंबली असतील."

बापूंचं पाणी पडलं नाही म्हणून तिसरा वर आला, तिसऱ्याचं नाही म्हणून चौथा, मग मी. कुणी कुणाला फोन केला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा बापूंनी आक्कांना उचलून बांधापर्यंत आणलं होतं. जीपमध्ये घालून धाराशिवला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. लोहाऱ्याहून मुलगी आली तेव्हा दवाखान्याच्या आवारात आमच्या डीपीवरची झाडून सगळी माणसं उभी होती. मी मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, तिथं भिंतीकडं तोंड करून रडलो.

आक्का गेल्यावर माणसं मोटर लावायला रानात गेली ती पुढच्या आठवड्यात, दिवसाची लाईट आली तेव्हा. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून रानात गेलो होतो. लाईट आल्याचं स्टार्टरवरच्या दिव्यानं कळलं. सगळीकडं शांत. बांधाबांधावर माणसं उभी दिसत होती, आणि सगळ्यांची तोंडं वरच्या बाजूला, आक्कांच्या रानाकडं. तिथं कोण होतं आता? मुलगी सुतकात घरी बसलेली. आता कुणाचा तरी धीर सुटणार, एक मोटर उठणार, तिच्या आवाजानं दुसरी उठणार, आणि आज संध्याकाळी ही रीत संपलेली असणार. खरं सांगायचं तर माझंही बोट बटणावर होतं.

तेवढ्यात आक्कांच्या हौदात पाणी पडलं.

मी डोळे चोळून बघितलं. मोटारीच्या खोलीतून बापू बाहेर आले. दाराला कडी लावली, सावकाश बांध ओलांडला, स्वतःच्या रानात आले आणि मग स्वतःची मोटर लावली. पाठोपाठ तिसऱ्याचं पाणी पडलं, चौथ्याचं पडलं, आणि मी माझं बटण दाबलं. खाली ओढ्यापर्यंत एकेक हौद वाजत गेला.

आक्कांचं रान आता मुलीच्या नावावर आहे. त्यात बापूंचं काही नाही, तरी लाईटच्या प्रत्येक दिवशी ते आधी बांधापलीकडं जातात. परवा मी त्यांना म्हटलं, "बापू, आता तुमची मोटर पहिली लावली तरी चालतंय की. कशाला हेलपाटा घालता?"

बापूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी वेडंवाकडं बोललो आहे.

"पहिला नंबर वैनीचा हाय," म्हणाले, आणि चालू लागले.